दहा बाय बाराची बेडरूम आणि मिक्सिंग: अकूस्टिक ट्रीटमेंट पायरीपायरीने

फ्लॅटमधली एक बेडरूम धरू. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, स्लॅबपर्यंत उंची साडेनऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींवर प्लास्टर-पुट्टी, एका बाजूला स्लायडिंग खिडकी, मागे लॅमिनेटच्या दारांचं कपाट आणि छताच्या मधोमध पंखा. घरचा स्टुडिओ बहुधा अशाच खोलीत उभा राहतो, म्हणून पूर्ण लेखात हीच खोली घेतली आहे. तुमच्या मापांनुसार आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. अकूस्टिक ट्रीटमेंट म्हणजे साउंडप्रूफिंग नाही. भिंतीवर आवाज शोषणारी कितीही पॅनेल लावली तरी शेजारच्यांचा मिक्सर ऐकू यायचा तो येणारच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात: जाड काच, भरीव दार, दाराखाली रबरी पट्टी. भाड्याच्या घरात यातलं जमतं ते एवढंच की दार-खिडकीच्या फटींना गॅस्केट लावायची आणि रेकॉर्डिंग रात्री करायचं. इथून पुढचं सगळं खोलीच्या आत आवाज कसा वागतो त्याबद्दल आहे.

पायरी १: खोली ऐका, मग गणित करा

खोली रिकामी असताना मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ अशी धातूसारखी शेपूट ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. हा दोष कानाला लगेच सापडतो आणि सुधारायलाही सोपा असतो. खरी डोकेदुखी खालच्या सुरांची, आणि ती टाळीत ऐकू येत नाही.

त्यासाठी एक छोटं गणित. ५६५ ला खोलीच्या फुटातल्या मापाने भागा. येतो तो त्या दिशेचा पहिला ‘रूम मोड’, म्हणजे ज्या कंपनसंख्येला खोली स्वतःच घुमू लागते ती. आपल्या खोलीत लांबीमुळे ४७ हर्ट्झ, रुंदीमुळे ५६.५ आणि उंचीमुळे ५९.५. याच आकड्यांच्या दुपटीलाही घुमणं असतं: ९४, ११३, ११९. आता बघा, रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे ५६ ते ६० च्या पट्ट्यात दोन मोड एकावर एक बसले आहेत. बेस गिटारची ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे बेसवाला ‘ए’ला आला की खोली हादरणार आणि शेजारचे सूर त्या मानाने मऊ लागणार. तुम्ही बिचारे ‘बेस जास्त झाला’ म्हणून तो मिक्समध्ये कापणार, आणि तेच गाणं गाडीत लावलं की फिकं वाटणार.

चौरस खोली, त्यातही १० बाय १० आणि उंचीही १०, ही सगळ्यात वाईट, कारण तिन्ही मोड एकाच जागी येतात. घरात दोन खोल्यांमधून निवडायची मुभा असेल तर मोठीपेक्षा आधी बेढब निवडा.

हे कानांनी पडताळायचं असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरने मध्यम आवाजात ४० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा आणि खोलीत फिरा. कोपऱ्यात सूर फुगेल, खोलीच्या बरोबर मध्यावर काही सूर जवळजवळ गायब होतील.

पायरी २: जागा ठरवा (इथे एक रुपयाही लागत नाही)

पॅनेलं घ्यायच्या आधी टेबल हलवा. बसण्याच्या जागेने जेवढा फरक पडतो तेवढा फरक अनेकदा पाच-सहा पॅनेलांनीही पडत नाही.

स्पीकर आखूड भिंतीपाशी, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीत जाईल असे ठेवा. तुमची खुर्ची डाव्या-उजव्या भिंतींपासून सारख्या अंतरावर हवी, नाहीतर स्टीरिओ एका बाजूला कलतो. समोरच्या भिंतीपासून डोकं साधारण ३८ टक्के लांबीवर ठेवून सुरुवात करा. १२ फुटांत ते साडेचार फूट आणि वर एखादा इंच येतं. हा नियम दगडावरची रेघ नाही. तिथून पुढेमागे सरकत ऐकायचं असतं. दोन जागा मात्र टाळाच: खोलीचा मध्य, कारण तिथे ४७ हर्ट्झ नाहीसा होतो, आणि मागच्या भिंतीला डोकं टेकेल अशी जागा, कारण तिथे सगळाच बेस फुगतो.

स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण होऊ द्या. आपल्या खोलीत साडेतीन फुटांची बाजू चांगली बसते: स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून दीड फुटावर, डोकं साडेचार फुटांवर. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला.

स्पीकर भिंतीपासून ‘थोडे पुढे घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. छोट्या खोलीत तो तपासून घ्यायला हवा. स्पीकरमागची भिंत खालचे सूर परत पाठवते, आणि त्यातला एक सूर थेट आवाजाच्या बरोबर उलट पडून त्याला मारतो. कुठला, तर ११३० भागिले फुटातल्या अंतराच्या चौपट. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ३ फुटांवर असेल तर खड्डा ९४ हर्ट्झला पडतो, जिथे किक ड्रम आणि बेसचा जीव आहे. दीड फुटावर तो १८८ ला जातो, एक फुटावर २८० च्या पुढे. खड्डा जितका वर जाईल तितका तो चार इंची पॅनेलच्या आवाक्यात येतो. म्हणून अशा खोलीत स्पीकर भिंतीच्या जवळ आणि मागे जाड पॅनेल, हीच मांडणी मला जास्त पटते. भिंतीमुळे बेस एकंदर वाढतो, तो कमी करायला बहुतेक मॉनिटर्सच्या (स्टुडिओ स्पीकरांच्या) मागे एक छोटा स्विच दिलेला असतो. स्पीकरला मागे पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असेल तर तेवढी मोकळी जागा ठेवा.

पायरी ३: सामान ओळखा

ऑनलाइन सर्च केलं की पहिल्या पानावर एक इंची, पिरॅमिडसारख्या टोकांचा रंगीत फोम दिसतो. स्वस्त असतो, चिकटवायला सोपा असतो, फोटोत स्टुडिओ दिसतो. त्यावर पैसे घालू नका.

कारण साधं आहे. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हवेच्या हालचालीवर, आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १०० हर्ट्झसाठी ते अंतर सुमारे ८६ सेंटिमीटर आहे, एक इंच फोमच्या हिशेबाने ते येतं ३४०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तो फोम ‘स’, ‘श’ आणि झांजेची चमक खातो आणि मोडला हातही लावत नाही. सगळ्या भिंती त्याने मढवल्या की खोली मरगळते आणि तरीही घुमत राहते. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरं कारण जास्त गंभीर. उघडा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमध्ये २००३ साली ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी स्टेजभोवतीच्या फोमला लागली आणि १०० माणसं गेली. ज्या खोलीत अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि ॲम्प तासन्‌तास गरम असतात तिथे हा विचार करावाच लागतो.

घ्यायचं ते रॉकवूल: दगडापासून काढलेले तंतू, जळत नाही, आणि इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे लादीसारख्या स्लॅबमध्ये मिळतं. ‘स्टुडिओसाठी’ असं सांगून विचारू नका, थेट घनता आणि जाडी सांगा: ४८ किंवा ६४ किलो प्रति घनमीटर, जाडी ५० मिमी. दोन स्लॅब एकावर एक ठेवले की चार इंच होतात. ग्लासवूलही चालतं. तंतूंची फारच धास्ती असेल तर जाड पॉलिएस्टर वूल बघा, फक्त त्याची जाडी वाढवा. ९ मिमीचे रंगीत पॉलिएस्टर बोर्ड ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी ठीक आहेत.

पायरी ४: किती पॅनेल लागतील

याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालं आहे. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहाची तक्रार आली: वक्त्याचं बोलणं कळतच नाही. सॅबाइन रात्री-रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून तिथे मांडायचा, ऑर्गनच्या नळीचा सूर बंद झाल्यावर तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून सूत्र निघालं: आवाज विरण्याचा वेळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. मापं मीटरमध्ये.

आपली खोली सुमारे ३२ घनमीटर आणि सगळे पृष्ठभाग मिळून ६१ चौरस मीटर. टाइल्स आणि पुट्टी जेमतेम ५ टक्के शोषतात असं धरलं तर शोषण ३ चौरस मीटर आणि वेळ १.७ सेकंद. मिक्सिंगला ०.३ च्या आसपास हवा, म्हणजे शोषण १७ पर्यंत न्यायचं. गादी, जाड पडदे, उघड्या कपाटातले कपडे आणि तुम्ही स्वतः मिळून चारेक चौरस मीटर भरतात. एक मीटर × ६० सेंमीचं चार इंची पॅनेल मधल्या सुरांत ०.६ चौरस मीटर धरा, कडांमुळे थोडं जास्तच. बारा पॅनेलांनी ०.३५ च्या जवळपास पोचता. छोट्या खोलीत खालच्या सुरांना हे सूत्र लागू पडत नाही, पण बाजारात जाण्याआधी अंदाज यायला ते पुरेसं आहे.

बारांची वाटणी अशी: समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन, डाव्या-उजव्या भिंतींवर एक-एक, छताला दोन, मागे तीन आणि स्पीकरांमागे एक. एका दमात जमणार नसेल तर कोपऱ्यांपासून सुरुवात करा.

पायरी ५: पॅनेल बनवा

आधी स्लॅब आणा, मग फ्रेमची मापं काढा. स्लॅब कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा पाच-दहा मिमी इकडेतिकडे असतोच.

फ्रेमला चार इंच रुंद, पाऊण इंच जाड पाइनच्या पट्ट्या पुरतात. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून मापात कापून मिळतात. इतर शहरांत ओळखीच्या सुताराला सांगा. कोपऱ्यांवर फेव्हिकॉल आणि दोन-दोन स्क्रू, आतून एल-अँगल. मागच्या बाजूला दोन आडव्या चिपा ठोका म्हणजे स्लॅब मागून निसटत नाही. कापड लावण्यापूर्वी लाकडाला वाळवीचं औषध मारून दोन दिवस उन्हात ठेवा. हे काम नंतर करता येत नाही.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. काम गच्चीत किंवा गॅलरीत करा, पंखा बंद. कापायला लांब पात्याची, दातेरी ब्रेड कापायची सुरी उत्तम चालते. स्लॅब फ्रेममध्ये किंचित दाबून बसला पाहिजे. सैल राहिला तर दोन वर्षांत खाली बसतो आणि वर रिकामी पट्टी उरते.

कापड निवडताना एकच परीक्षा: तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे तळहाताला हवा लागली तर चालेल. मांजरपाट, खादी, सैल विणीचा ताग हे सगळे उत्तीर्ण होतात. रेक्झिन आणि अस्तर लावलेलं पडद्याचं कापड नापास. फार विरळ कापड असेल तर आत मांजरपाटाचा एक थर द्या, तंतू बाहेर येत नाहीत. फ्रेम उलटी ठेवून कापड चारही बाजूंच्या मध्यावर आधी स्टेपल करा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे ताणत जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की पुढे सुरकुती पडते आणि सगळ्या पिना उपसाव्या लागतात. तयार पॅनेल साधारण सहा-सात किलोंचं होतं.

पायरी ६: लावा, या क्रमाने

कोपरे. समोरच्या दोन उभ्या कोपऱ्यांत पॅनेलं तिरकी, एकावर एक. मागे त्रिकोणी पोकळी उरते, तीच कामाची. रॉकवूलचे उरलेले तुकडे तिथे सैलसर भरले तर आणखी बरं. सगळ्या मोड्सचा जोर कोपऱ्यात असतो, त्यामुळे इथलं प्रत्येक इंच भिंतीवरच्या इंचापेक्षा जास्त काम करतं.

मग बाजूच्या भिंती. खुर्चीत बसा आणि एका मित्राला घरातला आरसा भिंतीला टेकवून तुमच्या कानाच्या उंचीवर हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी तुम्हाला आरशात त्या बाजूचा स्पीकर दिसेल तिथून त्याचा आवाज एकदा आपटून कानावर येतो. पेन्सिलने खूण करा, पॅनेलचा मध्य तिथे. डावीकडे खिडकी आली तर पॅनेलला पाय लावून तिच्यासमोर उभं करा, काम झालं की बाजूला. एकीकडे पॅनेल आणि दुसरीकडे नुसता पडदा असं ठेवलं की गायक मध्यातून सरकल्यासारखा वाटतो.

भिंतीवर टेकवून लावू नका, दोन ते चार इंच अंतर सोडा. एक तर पॅनेल आणखी खालपर्यंत शोषतं. दुसरं, पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, आणि कोकणात तर धरतेच. मागे हवा खेळली नाही तर सप्टेंबरपर्यंत कापडाला बुरशीचे ठिपके येतात.

छत. पंखा मध्यावर असतो आणि तुमचं डोकं त्याच्या थोडं पुढे, त्यामुळे छताची पॅनेलं पंखा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये बसतात. पात्यांपासून हातभर अंतर ठेवा. आरसा इथेही वापरता येतो. छताच्या स्लॅबमधून पंख्याची वायर नळीतून गेलेली असते. ती कुठून जाते ते इलेक्ट्रिशियनकडून कळल्याशिवाय ड्रिल मारू नका. प्रत्येक पॅनेलला चार अँकर फास्टनर, हुक आणि साखळी. डोक्यावर लटकणाऱ्या वस्तूला नुसता प्लास्टिकचा गट्टू देणं म्हणजे स्वतःच्या टाळक्याशी खेळणं. भाड्याचं घर असेल तर छत सोडून द्या आणि ती दोन पॅनेलं मागच्या कोपऱ्यांत उभी करा.

मागची भिंत तुमच्या डोक्यापासून साडेसात फुटांवर आहे. आवाज विखुरणारे लाकडी ठोकळ्यांचे डिफ्यूझर दिसतात देखणे, पण एवढ्या अंतरावर त्यांना वाव मिळत नाही. त्यापेक्षा पलंग मागे सरकवा आणि पॅनेलं त्याच्या वर लावा. कपाट मागे असेल तर मिक्स करताना दारं उघडी ठेवा.

पायरी ७: रेकॉर्डिंगचा कोपरा

गायकाचा आवाज माइकमध्ये थेट जातो, पण गायकामागच्या भिंतीवरून परत येणारा आवाजही कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या तोंडातच शिरतो. म्हणून जाड शोषण गायकाच्या पाठीमागे हवं. लोक अर्धगोल ढाल माइकच्या मागे लावतात आणि गायकाला उघड्या भिंतीसमोर उभं करतात, हे उलटं झालं. दोन उभी पॅनेलं गायकामागे काटकोनात ठेवा. पॅनेलं तयार नसतील तर कपडे वाळत घालायच्या दोन स्टँडवर जाड गोधड्या दुहेरी टाका. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला तेवढ्यावर छान काम होतं.

तबल्यासाठी थोडं वेगळं. सगळीकडून कोंडला तर दायाँ मरतो. खाली सतरंजी, बायाँकडच्या बाजूला पॅनेल, समोर थोडी मोकळी भिंत. वादकाला कोपऱ्यात बसवू नका, बायाँचा गुंजारव खोलीच्या मोडमध्ये मिसळून गढूळ होतो. पेटीला दोन-तीन फुटांवरून माइक दिला तर भात्याचा सुस्कारा कमी लागतो, मात्र मग खोली जास्त ऐकू येते. पॅनेल पेटीच्या जवळ आणून बघा.

पंखा आणि एसी दोन्ही बंद. मे महिन्यात याला इलाज नाही. टेक झाला की दहा मिनिटं एसी.

पायरी ८: मोजा आणि थांबा

‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत मापनाचा माइक लागतो: मिनीडीएसपीचा यूमिक-१ थेट यूएसबीवर चालतो, बेहरिंगरचा ईसीएम८००० ऑडिओ इंटरफेसला जोडून त्याच्या फँटम पॉवरवर (केबलमधून माइकला मिळणाऱ्या विजेवर). माइक डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीला ठेवा. स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणाऱ्या सुराचं मोजमाप, पॅनेल लावायच्या आधी एकदा आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर घ्या, फाइलला तारीख आणि ‘कोपरे झाले’, ‘छत झालं’ असं नाव द्या.

सुरुवातीला आलेख बघून घाबरायला होतं. ट्रीटमेंट न केलेल्या खोलीत ३०० हर्ट्झखाली १५-२० डेसिबलचे डोंगर-दऱ्या असणं नेहमीचंच. नुसती रेष न बघता वॉटरफॉल आलेख उघडा, म्हणजे कुठला सूर किती वेळ लोंबकळतो ते दिसेल. आपल्या खोलीत ५६-६० चा कडा पूर्ण जाणार नाही, पण कोपऱ्यांनंतर त्याची शेपूट आखडलेली दिसली पाहिजे. ती आखडली की बेसचे सूर एकमेकांपासून सुटे ऐकू येतात.

उरलेला एखादा उंचवटा ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) तीन-चार डेसिबल खाली आणायला हरकत नाही. खड्डा मात्र ईक्यूने भरू नका: तिथे स्पीकर जेवढा जोर लावेल तेवढाच परतीचा आवाज त्याला मारेल, आणि ॲम्प फुकट दमेल. खुर्ची तीन इंच पुढे घ्या, पुन्हा स्वीप. मग तीन इंच मागे, पुन्हा स्वीप. जिथे खड्डा सगळ्यात उथळ दिसेल तिथे जमिनीवर खुर्चीच्या पायांपाशी टेप लावून ठेवा.